पाच लाखांच्या घड्याळात पाच लाखांचं काय असतं?

खारेदाणे

लोकहो,

गेल्या महिन्यात घराच्या कर्जाचा शेवटचा हप्ता गेला. वीस वर्षं दर पाच तारखेला पोटात जो बारीक गोळा यायचा तो या पाच तारखेला आला नाही, तर उलट काहीतरी विसरल्यासारखं वाटत राहिलं. वय ५२. मुलगी नोकरीला लागली. पान-तंबाखू नाही, गाडी दहा वर्षं जुनी. आणि आता एका जुन्या हौसेनं डोकं वर काढलंय: एक चांगलं घड्याळ घ्यायचं. चांगलं म्हणजे... लिहूनच टाकतो, पाच-सहा लाखांचं.

आमच्याकडे बाबांची एचएमटी जनता होती. आंघोळ, पूजा झाली की ओल्या केसांनी खिडकीशी उभं राहून चावी द्यायचे. कर्र कर्र कर्र, वीस-बावीस वेळा. तेवढा वेळ त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही असा अलिखित नियम. २००१ ला निवृत्त झाले, ऑफिसनं निरोपाला सेलवालं घड्याळ दिलं, मग ते हातात आलं आणि जनता कपाटात गेली. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. जनता अजून कपाटातच आहे, बंद.

बायकोकडे विषय काढला. तिनं भाजी निवडता निवडता विचारलं, "मोबाईलपेक्षा त्यात जास्त वाजतात का?"

उत्तर सुचलं नाही, म्हणून धागा. यात खरंच काही असतं, की सगळे नावाचे पैसे? ज्यांच्याकडे आहे त्यांनी लिहा, नाही त्यांनीही लिहा. शिव्या घाला, पण कारणासकट.

मिरचीभजी

वहिनींना साष्टांग. खरं तर धागा इथेच संपला. तरी पॉपकॉर्न घेऊन बसतोय.

सहामाही_जमा

खादा, सहा लाख इंडेक्स फंडात टाका आणि विसरा. १२ टक्क्यांनी धरलं तर सहा वर्षांत दुप्पट. घड्याळ शोरूमच्या पायरीवरून खाली उतरलं की सेकंडहँड.

खारेदाणे

@सहामाही, इंडेक्स फंड आहेत हो. ते मनगटावर बांधता येत नाहीत.

चावीवाला

आजोबांचं सांगलीत घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, एक काचेची पेटी आणि वाटीत पेट्रोल. माझी नोकरी वेगळी, पण रविवारी सकाळी डोळ्याला भिंग लावून मी अजून बसतो. म्हणून जरा लांबलचक लिहितो.

वहिनींच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर आधी. जास्त तर वाजत नाहीतच, चुकीचे वाजतात. साधं सेलवालं घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंद चुकतं. चावीचं घड्याळ तेवढं दोन-तीन दिवसांत चुकवतं, आणि तरी ते उत्तम म्हणून विकलं जातं. स्वित्झर्लंडमध्ये सीओएससी म्हणून संस्था आहे, ती क्रोनोमीटरचं, म्हणजे अचूक घड्याळाचं, प्रमाणपत्र देते. तिच्या परीक्षेत सरासरी दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढ्यात बसलं की पास. रोलेक्स स्वतःच्या घड्याळांना २ सेकंदांची मर्यादा लावते. तर वेळ बघायला घेत असाल तर घेऊ नका.

आता झाकण उघडा. आत एक गुंडाळलेली पोलादी पट्टी सुटायला धडपडतेय, आणि एक चाक तिला थोडं थोडंच सुटू देतंय. एवढाच सगळा मामला. त्या चाकाला म्हणायचं बॅलन्स, त्याच्या पोटात केसाएवढी बारीक स्प्रिंग. जाऊन येतं, जाऊन येतं. जनतेत तासाला १८,००० ठोके, आजच्या बहुतेक स्विस घड्याळांत २८,८००. म्हणजे वर्षाला २५ कोटींच्या वर. सेल नाही, चिप नाही, वंगणाचे काही थेंब, तेही सुईच्या टोकावर मावतील एवढे. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत ते वीस सेकंद चुकलं तर आपण 'मागे पडतं' म्हणून तोंड वाकडं करतो. दहा हजारांत अडीच चुकासुद्धा होत नाहीत त्या. आमच्या ऑफिसात एवढं बिनचूक काही नाही, कॅन्टीनचा हिशोब धरून.

मग जनतेत आणि सहा लाखांच्या घड्याळात फरक काय? तत्त्वात काहीच नाही. धातू, माप आणि कुणी किती वेळ खर्च केला, यात आहे. वरच्या दर्जाच्या घड्याळात आतल्या पट्ट्यांच्या कडा पंचेचाळीस अंशांत उतरवून त्यांना आरशासारखी झळाळी आणतात. जिथे दोन कडा आतल्या बाजूनं मिळतात तो कोपरा टोकदार ठेवायचा असतो, आणि फिरतं हत्यार तिथे गोलाईच सोडतं. तेव्हा माणूस लाकडाची काडी टोकदार करून, हिऱ्याची पेस्ट लावून, भिंगातून बघत तो कोपरा घासत बसतो. पोलादाच्या छोट्या तुकड्याला 'काळी झळाळी' देतात. एका कोनातून बघितलं तर तो डांबरासारखा काळा, जरा कलता केला की पांढराशुभ्र. मी एकदाच हातात घेऊन पाहिलाय. दहा मिनिटं नुसता कलता करत बसलो होतो, चहा गार झाला.

आणि हे सगळं झाकणाखाली. घालणाऱ्याला दिसतही नाही, निदान पूर्वी तरी दिसायचं नाही. आता मागून काच बसवतात.

'१७ ज्वेल्स' वाचून आत माणकं आहेत असं समजणारे गिऱ्हाईक आजोबांकडे नेहमी यायचे. असतात, पण कृत्रिम, काही रुपयांची. धातूवर धातू झिजू नये म्हणून चाकांच्या अक्षाला टेकू.

खादा, एक काम करा. जनता कुणा जुन्या घड्याळजीकडे उघडायला न्याल तेव्हा झाकण उलटं करून उजेडात तिरकं धरा. आजोबा प्रत्येक दुरुस्तीला आतल्या बाजूला सुईनं तारीख आणि आपली खूण कोरायचे. बरेच जण कोरायचे. काही सापडलं तर इथे लिहा.

मिरचीभजी

पॉपकॉर्न खाली ठेवला. चावीवाला, दंडवत.

सडेतोड_सातारकर

सगळं मान्य, पण एक सांगा. आमच्याकडं शॉपफ्लोरवर पोरं रोज पाच-पाच मायक्रॉनचं काम काढत्यात, त्याला कुणी कला म्हणत नाही. इंजेक्टरचे पार्ट येतात, तपासतात, ट्रकात भरतात. तेच काम डोंगरातल्या गावात पांढरा कोट घालून केलं की त्याला वारसा म्हणायचं?

आमचे एक काका मस्कतहून राडो घेऊन आले होते. ऐंशी साल असेल. भर मे महिन्यात पूर्ण बाहीचा शर्ट घालायचे, आणि लग्नात अक्षता टाकताना बरोबर डावी बाही वर जायची. कशापायी? वेळ बघायला? मुहूर्त तर भटजीनं सांगितलावता. घड्याळ हे लोकांनी बघायला असतंय. तेवढं कबूल करा आणि खुशाल घ्या, आमची ना नाही.

चावीवाला

सातारकर, शॉपफ्लोरचा मुद्दा शंभर टक्के. सगळ्या महागड्या घड्याळांत हाताचं काम असतं ही शुद्ध थाप आहे. रोलेक्स वर्षाला दहा लाखांच्या आसपास घड्याळं बनवते असा जाणकारांचा अंदाज आहे. दहा लाख नग हातानं घासून होत नाहीत. ते तुमच्या पोरांसारखंच मशीनवरचं अव्वल काम आहे. लाकडी काडीवालं काम पाटेक फिलिपसारख्यांकडे किंवा वर्षाला मोजकी घड्याळं करणाऱ्या एकांड्या कारागिरांकडे, आणि त्यांच्या किमती पाच लाखांत नसतात.

राडोबद्दल मात्र एक. १९६२ चं डायास्टार टंगस्टन कार्बाइडचं होतं, ओरखडा उठायचाच नाही. काकांचं बघा, आजही नव्यासारखं असेल.

सडेतोड_सातारकर

हाय की. काका गेले, राडो तशीच हाय. भावकीत तिच्यावरनं अबोला हाय ते वेगळं.

रानपाखरू

या धाग्यात एक गोष्ट यायला हवी ती कुणी आणली नाही. आपण ज्याला 'लक्झरी घड्याळ' म्हणतो ती चीज तशी नवीच आहे. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीपर्यंत महाग घड्याळ म्हणजे एकतर सोन्याचं, नाहीतर जास्त अचूक. रोलेक्स सबमरीनर १९५३ ची, जीएमटी मास्टर १९५५ ची, पॅन अॅम या अमेरिकी विमान कंपनीच्या वैमानिकांना एका वेळी दोन देशांची वेळ दिसावी म्हणून. ही अवजारं होती. पाणबुडे आणि पायलट घालायचे आणि आपटायचे.

मग २५ डिसेंबर १९६९ ला टोकियोत सायकोनं अॅस्ट्रॉन विकायला काढलं. जगातलं पहिलं क्वार्ट्झ (म्हणजे आपलं आजचं सेलवालं) मनगटी घड्याळ. किंमत ४,५०,००० येन, तेव्हा एक छोटी मोटार यायची. पण इलेक्ट्रॉनिक्स स्वस्त होतच जातं. दहा-बारा वर्षांत कुठल्याही पोराच्या हातात असं घड्याळ आलं की स्वित्झर्लंडच्या सगळ्यात निष्णात कारागिराचं घड्याळ त्यापुढे ढ. तिथल्या घड्याळधंद्यात १९७० ला ९०,००० च्या आसपास माणसं होती, ऐंशीच्या दशकाच्या मध्याला ३०,००० च्या घरात उरली. गिरणगाव आठवा. तसंच, फक्त डोंगरात.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. ल लोक्ल गावात झेनिथचा कारखाना. १९६९ मध्येच त्यांनी एल प्रिमेरो नावाचं स्टॉपवॉचवालं ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीनं आपोआप चावी बसणारं) यंत्र काढलं होतं, तासाला ३६,००० ठोक्यांचं. १९७५ मध्ये अमेरिकी मालकांचा हुकूम आला: चावीची घड्याळं बंद, हत्यारं भंगारात. शार्ल व्हेर्मो नावाचा तिथला कारागीर. त्यानं ऐकलं नाही. डाय, कॅम, कटर, सगळं थोडं थोडं करून माळ्यावर लपवलं आणि कुठलं हत्यार कशाचं ते वहीत लिहून ठेवलं. काही वर्षांनी वारा फिरला, चावीची घड्याळं पुन्हा हवीशी झाली, तेव्हा तो माळा उघडला. १९८८ पासून २००० पर्यंत रोलेक्स डेटोनाच्या पोटात जे यंत्र होतं ते याच एल प्रिमेरोवरून केलेलं. आज ज्या जुन्या डेटोनासाठी लोक जीव टाकतात, त्यातल्या पुष्कळ त्या माळ्यामुळे आहेत.

वारा फिरला कसा? त्याचीही सुरुवात मजेशीर. १९७२ मध्ये ओडेमार पिगेनं रॉयल ओक काढलं. साध्या स्टीलचं, अष्टकोनी, वर आठ स्क्रू उघडे दिसणारे. किंमत ३,३०० फ्रँक, म्हणजे तेव्हाच्या कितीतरी सोन्याच्या घड्याळांहून जास्त. डिझायनर जेराल्ड जेंटानं त्याचं चित्र एका रात्रीत काढलं असं तो सांगायचा. लोकांनी वेड्यात काढलं. पण तिथून स्टीलचं घड्याळ सोन्याहून महाग असू शकतं हे बाजाराला कळलं. अचूकपणा तीनशे रुपयांना मिळायला लागल्यावर घड्याळवाल्यांकडे विकायला जे उरलं ते हे: आकार, काम, गोष्ट. खादा, तुम्ही जे घ्यायला निघालाय ते हे आहे.

आपल्याकडे याचंच देशी रूप झालं. एचएमटीचा घड्याळ कारखाना १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीनं बंगळुरात निघाला, १९८७ मध्ये टायटन क्वार्ट्झ घेऊन आलं, आणि २०१६ मध्ये सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करायचं ठरवलं. फरक एवढाच की आपल्याकडे माळ्यावर कुणी काही लपवलं असेल तर ते अजून बाहेर आलेलं नाही.

मिरचीभजी

शेवटचं वाक्य लागलं.

केतकीचं_बन

इतके प्रतिसाद झाले आणि घड्याळ अजून काका, आजोबा, बाबा यांच्याच मनगटावर. म्हणून लिहिते.

पहिल्या महायुद्धाआधी मनगटी घड्याळ हा बायकांचा दागिना समजला जायचा. पुरुष साखळीचं, खिशातलं वापरायचे. खंदकात एका हातात बंदूक असताना खिशातून घड्याळ काढणं जमेना, तेव्हा पुरुषांनी ते मनगटावर घेतलं. आणि घेतलं ते असं घेतलं की आज बायकांच्या वाट्याला तेच यंत्र काढून, सेल घालून, वर हिरे चिकटवून देतात.

मागच्या वर्षी प्रमोशन झालं म्हणून मी स्वतःच्या पैशांनी घड्याळ घ्यायला एका मोठ्या शोरूममध्ये गेले होते. नवरा सोबतीला. पाऊण तास तो विक्रेता नवऱ्याशी बोलला. पॉवर रिझर्व्ह, क्रोनोग्राफ, सगळं नवऱ्याला. माझ्याकडे वळला तेव्हा म्हणाला, "मॅडम, यात गुलाबी तबकडी पण आहे." नवऱ्याला अजून पॉवर रिझर्व्ह म्हणजे काय माहीत नाही. (पूर्ण चावी दिल्यावर किती तास चालतं ते. मला माहीत होतं.) मी उठले. दुसरीकडून कार्टियर टँक घेतलं. या आकाराची कल्पना १९१७ ची, लुई कार्टियेची. चौकोनी, रोमन आकडे, निळे काटे, चावीच्या टोकाला निळा खडा. सेलवालंच आहे, आणि त्याचं मला काडीचं दुःख नाही. मीटिंगमध्ये कुणी लांबण लावली की मी त्या निळ्या काट्यांकडे बघते.

सातारकर, लोकांनी बघायला असतं म्हणालात. माझं इतकं लहान आहे की वर्षभरात एका बाईनं ओळखलं. मी स्वतः बघते, तेवढं पुरे.

सडेतोड_सातारकर

ताई, हे बरोबर. शब्द मागे.

भायखळा_फास्ट

आता थोडी मुंबई. आमच्या आधीच्या पिढीला रोलेक्सपेक्षा फेवरलुबाचं कौतुक. खरं नाव फाव्र-ल्युबा, १७३७ पासूनची स्विस पेढी, १८६५ पासून मुंबईत धंदा. इतकी वर्षं इथे होती की बऱ्याच जणांना ती देशीच वाटायची. सी चीफ, सी किंग ही नावं घरात कुणा ना कुणाच्या हातावर असायची. मधे टायटनकडे होती, आता एथॉस या घड्याळं विकणाऱ्या कंपनीकडे आहे. दुसरी वेस्ट एंड, तीही मुंबई-कलकत्त्याची. पहिल्या महायुद्धातल्या हिंदी फौजेसाठी त्यांचं 'सोवार', म्हणजे आपला स्वार. ही घड्याळं आजही काही हजारांत मिळतात. खादा, आधी यातलं एक वापरून बघा.

पण सावधान. चोर बाजारातलं किंवा ऑनलाइन जुनं घड्याळ घेताना 'मुंबई स्पेशल' ओळखायला शिका. परदेशातले संग्राहक आपल्याकडच्या रंगरंगोटी केलेल्या जुन्या घड्याळांना याच नावानं ओळखतात, अभिमान वाटायचं कारण नाही. यंत्र एकाचं, झाकण दुसऱ्याचं, तबकडी नवी छापलेली, भडक केशरी नाहीतर पोपटी. खूण सांगतो: अक्षरांच्या कडा भिंगातून बघा. कारखान्याची छपाई उभारीची आणि धारदार असते. यांची शाई पसरलेली असते, लग्नपत्रिकेसारखी. एचएमटी पायलटच्या तर खऱ्यापेक्षा खोट्या तबकड्या जास्त झाल्यात.

अवांतर: रिव्हर्सोची गोष्ट माहीत आहे ना? इथे पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या. म्हणून १९३१ मध्ये अशी केस काढली की खेळताना तबकडी उलटी फिरवून आत लपवायची. काच फुटली भारतात, घड्याळ विकलं स्वित्झर्लंडनं.

लंडनचा_पाऊस

माझ्याकडे होती. सबमरीनर. २०१६ मध्ये, महिनाभर थांबून, दुकानातून, छापील किमतीला.

पहिले तीन महिने मी मीटिंगमध्ये टेबलाखाली हात घेऊन ती बघायचो. पहिला ओरखडा बसला, दाराच्या कडीचा, त्या रात्री जेवलो नाही. अशी सुतकी मुद्रा का केली आहे, बायकोनं विचारलं. दुसऱ्या ओरखड्यानंतर घड्याळ माझं झालं. पोहताना, भांडी घासताना, मुलाला आंघोळ घालताना हातातच. तो काळ छान होता.

मग किमती चढायला लागल्या. दुकानात जावं तर काचेत 'फक्त प्रदर्शनासाठी' अशी पाटी. विक्रेते सूचक बोलायचे, आधी चार दुसऱ्या वस्तू घ्या, मग बघू. इथे मनगटावरची घड्याळं हिसकावण्याच्या बातम्या रोजच्या झाल्या. मी ट्यूबमध्ये बाही खाली ओढायला लागलो. नंतर घालायचंच सोडलं. २०२२ च्या सुरुवातीला घराच्या डिपॉझिटला पैसे कमी पडत होते, तेव्हा विकली. घेतली त्याच्या जवळजवळ दीडपट आले.

नफा झाला म्हणून मित्र पाठ थोपटतात. त्यात माझी अक्कल शून्य होती. आणि खरं सांगायचं तर घड्याळाची किंमत वाढली तेव्हाच ते माझ्या हातातून गेलं, विकलं नंतर.

आता सायको ५ घालतो. बरं चालतं. पण हात पाण्यात घालताना अजून डावीकडे बघतो.

सहामाही_जमा

@लंडन, 'दीडपट' वाचून लोक घड्याळात गुंतवणूक करायला धावतील, म्हणून थंड पाणी ओततो. २०२२ च्या वसंतात दुय्यम बाजारातल्या किमती शिखरावर होत्या. नंतर घसरल्या, आणि जोरात घसरल्या. लोक हॉलिवूडचा नट पॉल न्यूमन याच्या डेटोनाचं उदाहरण देतात, २०१७ मध्ये न्यूयॉर्कला १ कोटी ७७ लाख डॉलरला गेली. अहो, ती पॉल न्यूमनची होती! तुमच्या-आमच्या घड्याळाला कोण विचारतो. चार-पाच मॉडेलं सोडली तर बाकी सगळी घेतल्या दिवशीच उतरतात. शिवाय दर पाच-सात वर्षांनी सर्व्हिसिंग, त्याचं बिल बघून घेरी येईल.

घ्यायचंच असेल तर: बिल आणि वॉरंटी कार्ड जपा. दहा लाखांच्या वरच्या घड्याळावर २२ एप्रिल २०२५ पासून विक्रेता १ टक्का टीसीएस (विकतानाच कापून घेतलेला आयकर) घेतो, तो रिटर्नमध्ये दाखवता येतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून एफ्टा देशांशी (स्वित्झर्लंड त्यातलाच) व्यापार करार लागू झालाय, स्विस घड्याळांवरची ड्युटी टप्प्याटप्प्यानं कमी होईल, घाई नसेल तर थांबा. आणि घालून परदेशी जाणार असाल तर जाताना कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, नाहीतर परत येताना 'हे आमचंच आहे' म्हणून सिद्ध करत बसाल.

मिरचीभजी

सहामाही, तुम्ही नको नको म्हणता म्हणता सगळी खरेदी करून दिलीत की.

खारेदाणे

सगळ्यांचे आभार. शनिवारी जाऊन आलो. बायको पण आली, "बघू तर काय वाजतंय" म्हणून.

आधी ग्रँड सायको बघितलं. पांढरी तबकडी, पण पांढरी म्हणजे भिंतीसारखी नाही, नुकत्याच पडलेल्या बर्फासारखी बारीक खरबरीत. सेकंदकाटा टकटक करत नाही, तेल ओतल्यासारखा वाहतो. बायको बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे बघताना वेळ जातोय हे जरा जास्तच कळतं." ठेवून दिलं.

मग ओमेगा स्पीडमास्टर. नासानं १९६५ मध्ये चाचण्या घेऊन पास केलेलं, ऑल्ड्रिनच्या हातावर चंद्रावर फिरलेलं. अपोलो १३ मध्ये इंजिन १४ सेकंद चालवायचं होतं ते याच्यावरच मोजलं, हे मला आधीपासून पाठ होतं. पण मला गाठलं वेगळ्याच गोष्टीनं. एक म्हणजे ते ऑटोमॅटिक नाही, रोज चावी द्यायची. दुसरं, मी विचारलं, काच सफायरची, म्हणजे सहसा ओरखडे न येणारी, आहे का? मुलगा जरा चाचरत म्हणाला, "सर, याच्यात दोन्ही येतात, पण चंद्रावर गेलेलं होतं त्यात प्लॅस्टिकची होती. फुटून तुकडे यानात तरंगू नयेत म्हणून." मी विचारलं, मग ओरखडे? "येतात सर. पॉलिश पेस्ट मिळते."

बायको आणि मी एकमेकांकडे बघितलं. बाबा जनतेची प्लॅस्टिकची काच दर दिवाळीला कोलगेट लावून बनियनच्या फडक्यानं घासायचे. सहा लाखांच्या पुढे पैसे मोजून मी तेच करायला निघालोय.

चावी देऊन बघितली. आवाज बाबांच्या घड्याळापेक्षा मऊ आहे. कर्र नाही, खर्र म्हणा. प्लॅस्टिकवालं त्यांच्याकडे शिल्लक नव्हतं, बुक केलंय. दिवाळीनंतर येईल. सातारकर, बाही खालीच ठेवेन.

सडेतोड_सातारकर

अभिनंदन खादा. पेढे पाठवा. बाही खाली ठेवायची तर घेताय कशाला, वर करा बिनधास्त.

लंडनचा_पाऊस

पहिला ओरखडा लवकर पडो ही सदिच्छा.

चावीवाला

मस्त निवड. चावी रोज एकाच वेळी द्या, हातातून काढून द्या, आणि अडली की थांबा, जोर करू नका. पण जनतेचं काय केलंत? झाकण?

खारेदाणे

तेच लिहायचं होतं. काल उघडून घेतली. आमच्या इथे भाजी मंडईमागे एक म्हातारे घड्याळजी बसतात, त्यांच्याकडे. त्यांनी झाकण फिरवून काढलं, फुंकर मारली आणि माझ्या हातात दिलं. मला काही दिसेना. मग तुम्ही सांगितलं तसं दारात जाऊन उन्हात तिरकं धरलं.

बाहेरच्या कडेनं गोल कोरलेलं आहे, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. ४-७६. ११-८१. २-८५, पुढे एक त्रिकोण. मग ६-९०, ५-९६, तिन्हीकडे तोच त्रिकोण. इथपर्यंत ठीक. पुढे अक्षर बदलतं, सुई जाड आहे. ३-०३. १०-०८. १-१४.

बाबा २००१ ला निवृत्त झाले. त्यानंतर त्यांच्या हातात आम्ही ऑफिसचं सेलवालंच पाहिलं. जनता बंद पडून कपाटात आहे असं घरात सगळे समजत होतो. आईला विचारलं. तिलाही माहीत नव्हतं. थोडं थांबून म्हणाली, दुपारी सगळे झोपले की ते कपाटाशी काहीतरी खुडबुड करायचे.

घड्याळजींना मी त्या शेवटच्या तारखेबद्दल विचारलं. त्यांनी भिंग लावून बघितलं आणि म्हणाले, "हे माझंच अक्षर आहे."

केतकीचं_बन

खादा...

चावीवाला

चालू झालं का?

खारेदाणे

झालं. साफ केलं, तेल दिलं, पाचशे रुपये घेतले. खाली आजची तारीख कोरून दिली. फक्त दिवसाला चाळीस सेकंद पुढे जातंय, आठवड्यानं परत आणा म्हणालेत, बघतो म्हणे.

बायको म्हणते, राहू दे. यात खरंच जास्त वाजतायत.